चार एसी, बावन्न खुर्च्या आणि एक सील केलेली खिडकी

पत्र थोडक्यात असं:

पुण्याच्या मध्यवस्तीत भाड्याच्या जागेत अभ्यासिका चालवणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. तिसरा मजला, वर थेट गच्ची. ११०० चौरस फुटांचा एकच हॉल, ५२ खुर्च्या, सकाळी ७ ते रात्री ११. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घरी लावतो तसेच दीड-दीड टनाचे चार स्प्लिट एसी बसवले आणि थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या टेप लावून बंद केल्या. यंदा तक्रारी वाढल्यात. रिमोट १८ वर असूनही दुपारी ३ नंतर मागच्या रांगांतली मुलं वहीने वारा घेतात, तर एसीखाली बसणारी एक मुलगी शाल पांघरून असते. जेवणानंतर सगळेच पेंगतात, डोकं जड होतं, ‘गुदमरल्यासारखं वाटतं’ असं पाच-सहा जणांनी सांगितलं. दोघांनी पुढच्या महिन्याची फी भरली नाही. संध्याकाळी एमसीबी (विजेचा भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. मेकॅनिक दर दोन महिन्यांनी येऊन गॅस भरून जातो. यजमानांचं म्हणणं, आणखी दोन एसी लावू. न्यू जर्सीतले दीर फोनवर म्हणाले, “वहिनी, धंद्याच्या जागेला सेंट्रलच लागतं, घरचं मशीन तिथे चालत नाही.” डीलरने व्हीआरएफचं (बाहेर एक मोठं युनिट, आत अनेक, अशा यंत्रणेचं) कोटेशन पाठवलंय आणि तो आकडा वाचून ताईंची झोप उडालीये. त्या विचारतात, “घरच्या आणि व्यापारी एसीत असा काय फरक असतो? आम्ही सुरुवातीलाच चुकलो का? आता कुणाचं ऐकू?”

---

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी एका शब्दाखाली रेघ मारली. टन नाही, व्हीआरएफ नाही; ‘गुदमरल्यासारखं’. यजमान, भाऊजी आणि डीलर, तिघंही यंत्राबद्दल बोलतायत. मुलं मात्र हवेबद्दल बोलतायत. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकाच पिशवीत भरल्या गेल्यात. मागच्या रांगेला उकडतं ही एक. सगळ्यांना पेंग येते, डोकं जड होतं ही दुसरी. पहिलीचं औषध दुसरीला लागू पडत नाही, आणि तुम्ही रिमोट १८ वर नेऊन दोन्हींवर एकच गोळी देताय.

आधी दुसरीचं बघू, कारण घर आणि धंद्याची जागा यांतला खरा फरक तिथेच आहे.

भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरून हवा आणत नाही. बरेच लोक हे ऐकून दचकतात, कारण बाहेरच्या युनिटमध्ये पंखा फिरताना दिसतो आणि वाटतं की तोच हवा आत ढकलतोय. त्या दोन युनिटांमध्ये फक्त तांब्याच्या नळ्या आणि वायर असते. आतलं युनिट खोलीतलीच हवा ओढतं, गार करतं, तिथलं बाष्प थोडं पाणी करून ड्रेनमधून सोडतं आणि तीच हवा परत देतं. सकाळी ७ ला कुणीतरी सोडलेला श्वास दुपारी ३ ला हॉलमध्येच फिरत असतो, फक्त गार होऊन.

घरी हे खपून जातं. बेडरूममध्ये दोन माणसं, फार तर एक मूल. रात्री कुणी पाणी प्यायला उठतं, दार उघडतं, आणि पहाटे आजी येऊन “पुरे आता ते मशीन” म्हणत बंद करून खिडकी उघडतात. घराच्या एसीची निम्मी व्यवस्था अशी माणसंच सांभाळतात, म्हणून ते यंत्र साधं ठेवलं तरी चालतं. तुमच्या हॉलमध्ये खिडकी उघडणारी आजी नाही. आणि तुम्ही तर खिडकीला टेप लावलीये.

थोडं गणित करू. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ५२ जण म्हणजे ९०० लिटरच्या वर. तुमचा हॉल १० फूट उंचीचा धरला तर त्यात सुमारे ३ लाख लिटर हवा मावते. तो पूर्ण सीलबंद असता तर एका तासात या वायूचं प्रमाण दहा लाखांत सुमारे ३००० भागांनी वाढलं असतं. बाहेरच्या हवेत हे प्रमाण ४२० च्या आसपास असतं. दाराची उघडझाप होते, फटी असतात, म्हणून प्रत्यक्षात एवढं होत नाही. पण दुपारी तुमच्या हॉलमध्ये २००० च्या वरचा आकडा दिसला तर मला नवल वाटणार नाही. हा वायू त्या पातळीला विष वगैरे नसतो, घाबरू नका. पण हवा किती शिळी झालीये हे तो चोख सांगतो. त्याच्याबरोबर घामाचा, डब्यांचा, ओल्या सॅकचा वास असतो आणि एकाला सर्दी झाली तर तिचा प्रसादही सगळ्यांना असतो. मुलं पेंगतात ती वरण-भातामुळेही, पण सगळा दोष वरण-भाताचा नाही.

म्हणून व्यापारी वातानुकूलनाची आखणी करणारा माणूस पहिला प्रश्न ‘जागा किती’ असा विचारत नाही. तो विचारतो, ‘माणसं किती, किती तास, आणि ताजी हवा कुठून घेणार?’ घराचा एसी विकणारा विचारतो, ‘खोली केवढी?’ ११०० चौरस फूट ऐकलं की तो त्याच्या ठोकताळ्याने टन सांगून मोकळा. त्या ठोकताळ्यात खोलीत दोन-तीन माणसं आहेत असं गृहीत धरलेलं असतं, ५२ नाही.

गंमत अशी की एसी जन्माला आला तो घरासाठी नव्हेच. १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी पहिली यंत्रणा आखली. दमट हवेत कागद फुगायचा-आकसायचा आणि एकावर एक छापायचे रंग सरकायचे. तिथे माणसांच्या सुखाचा प्रश्नच नव्हता, कागदाचा होता. घरात तो पुष्कळ नंतर आला आणि येताना बरंच काही मागे ठेवून आला, ताजी हवा त्यात पहिली.

आता उकाड्याकडे येऊ. टन म्हणजे काय, हे एकदा समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी डीलरशी बोलताना बरं पडेल. २४ तासांत एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून काढायची ताकद म्हणजे एक टन. आजच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॅट. बसलेल्या माणसाच्या अंगातून शंभर-सव्वाशे वॉट उष्णता निघते. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये शंभर वॉटचे ५२ जुने पिवळे बल्ब सतत पेटलेले आहेत असं समजा. त्यांचा भार दीड टनाच्या थोडा वर. डोक्यावरचा तापलेला स्लॅब आणखी दीड-पावणेदोन टन आणणार. लॅपटॉप, चार्जर, दिवे मिळून अर्धा टन धरा. ताजी हवा घेतलीत, तर ४० अंशाच्या दुपारी तिला गार करायला पावणेदोन टन. भिंती आणि काचा धरून सगळं मिळून होतात साडेपाच-पावणेसहा. हा अंदाज आहे, जागा न बघता केलेला. पण फार चुकणार नाही.

तुमच्याकडे चार दीड टनी आहेत, म्हणजे सहा टन.

म्हणजे कागदावर जेमतेम, पण पुरतंय. तेही ताजी हवा धरून, जी तुम्ही आत्ता घेतच नाही. मग उकडतं का? इथे मी यजमानांच्या आणखी दोन एसीला हात आडवा लावतो. जे सहा टन विकत घेतलेत ते सहा टन मिळतायत का, हे आधी बघा.

तुम्ही पत्रात सहज एक वाक्य लिहिलंत, “चारही आउटडोअर मागच्या डक्टमध्ये आहेत, बाहेरून दिसायला नको म्हणून.” उद्या दुपारी साडेतीनला तिथे जा आणि खिडकीतून हात बाहेर काढा. जुन्या इमारतींत संडास-बाथरूमचे पाइप जातात तो पाच-सहा फुटांचा चौक. त्यात चार युनिटं, समोरासमोर तोंडं करून. एकाने फेकलेली गरम हवा दुसरं ओढतं, त्याने आणखी तापवलेली पहिलं ओढतं. त्या हवेला वर जायला जागा असते ती वरच्या कबुतरांच्या जाळीतून. बाहेर ३९ अंश असताना त्या चौकात ४८-५० असू शकतात. एसीच्या पाटीवरची क्षमता मोजलेली असते ती बाहेर ३५ अंश धरून. उष्णता टाकायलाच जागा नसेल तर यंत्र आतून उष्णता आणून ठेवणार कुठे? मग ते धापा टाकतं, जास्त करंट ओढतं, मधूनच स्वतःला वाचवायला बंद पडतं. तुमचा एमसीबी संध्याकाळी पडण्यात याचाही वाटा असणार.

दुसरं, तो गॅस. ताई, एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, बहुधा नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटशी किंवा कॉइलला. दर दोन महिन्यांनी गॅस भरणारा मेकॅनिक गळक्या बादलीत पाणी ओततोय, आणि प्रत्येक ओतण्याचे पैसे घेतोय. त्याला सांगा, आधी गळती शोध, नायट्रोजनने प्रेशर टेस्ट कर, व्हॅक्यूम कर, मग वजन करून गॅस भर. “एवढं कशाला मॅडम?” असं म्हणाला तर मेकॅनिक बदला.

तिसरं, जाळ्या. घरी पंधरा दिवसांनी धुतल्या तरी चालतं. तुमच्याकडे ५२ जणांचे कपडे, बॅगा, रस्त्याची धूळ. दर आठवड्याला धुवाव्या लागतील. एक सोपी चाचणी घरच्या घरी होते. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर घ्या. एसी वरून जिथे हवा ओढतो तिथलं तापमान आणि खालून फेकतो तिथलं तापमान, दहा मिनिटं चालू ठेवून मोजा. फरक ८ ते १२ अंश असेल तर यंत्र ठीक. ४-५ असेल तर ते फक्त वारा घालतंय. चारही एसींचे आकडे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. मला खात्री आहे की त्यातला निदान एक आजारी निघेल.

आणि शालवाली मुलगी? १८ अंशांची सगळी मेहेरबानी तिच्या एकटीवर होतेय. घरचा स्प्लिट बारा-पंधरा फुटांच्या खोलीत हवा फेकण्यासाठी बनलेला असतो. तुमच्या लांबट हॉलमध्ये ती हवा पुढच्या दोन रांगांतच पडते. तुम्ही १८ लावल्याने ती पुढे जात नाही. पंचवीस-सव्वीसवर लावा आणि छताचे पंखे मंद चालू ठेवा. एसी असताना पंखा लावायचा नाही, ही आपल्याकडची समजूत कुठून आली देवजाणे. पंखाच ती हवा मागच्या रांगेपर्यंत पोचवतो. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे नव्या घरगुती एसींना सुरू होताना २४ अंश हे ठरलेलं तापमान असतं, ते उगाच नाही. आणि रिमोट ड्रॉवरमध्ये कुलपात. घरी रिमोटवरून नवरा-बायकोत होतं ते भांडण ५२ जणांत परवडत नाही.

आता तुमचा थेट प्रश्न, घरच्या आणि व्यापारी यंत्रात फरक काय? काही फरक नुसत्या आकाराचे आहेत, ते सोडून देऊ. मला महत्त्वाचा वाटतो तो तासांचा. घरगुती एसीच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ना, ते वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेले असतात. तुमची अभ्यासिका १६ तास चालते. म्हणजे गुढीपाडव्याला सुरू केलेत तर घराचं एक वर्ष तुम्ही १०० दिवसांत संपवता, पावसाळा लागून थोडाच काळ झालेला असतो. दोन वर्षांचे तुमचे एसी वयाने सातेक वर्षांचे आहेत असं समजा आणि त्या वयाला साजेल अशी डागडुजी करा. वॉरंटी कार्डही काढून बघा. व्यापारी वापराला वॉरंटी कमी किंवा नाहीच, असं बारीक अक्षरांत असू शकतं. मोठ्या यंत्रणांमध्ये म्हणूनच वर्षाचा देखभाल करार असतो, एएमसी. त्यात दोन प्रकार असतात: एकात सुटे भाग धरलेले, दुसऱ्यात नुसती माणसाची फेरी. सही करण्याआधी कॉम्प्रेसर कशात मोडतो ते विचारा.

मग यंत्रांच्या जाती. कॅसेट म्हणजे छतात बसणारं चौकोनी युनिट, चारी बाजूंना हवा देणारं. काहींना ताज्या हवेची नळी जोडायला तोंडही ठेवलेलं असतं. डक्टेबल म्हणजे फॉल्स सीलिंगवर एक दांडगं यंत्र, साडेपाच किंवा साडेआठ टनांचं, आणि पत्र्याच्या डक्टमधून हॉलभर जाळ्या. मॉलमध्ये, मोठ्या इस्पितळात चिलर असतो: तिथे वायूऐवजी ७ अंशांचं पाणी इमारतभर फिरतं, १२ अंशांचं होऊन परत येतं, आणि गच्चीवर कूलिंग टॉवर वाफा सोडत बसलेला असतो. व्हीआरएफ ही जपानच्या डायकिनने १९८२ मध्ये बाजारात आणलेली कल्पना. बाहेर एक मोठं युनिट, आत अनेक, आणि ज्या खोलीला जेवढं हवं तेवढाच गॅस तिकडे.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ज्या खोलीला जेवढं हवं. हॉटेलात ४० खोल्या, काही रिकाम्या, काही पश्चिमेच्या. ऑफिसात साहेबाची केबिन, मीटिंगची खोली, सर्व्हर. तिथे व्हीआरएफ सोनं आहे. तुमचा एकच हॉल, सगळे एकाच हवेत. त्या यंत्राची जी खरी हुशारी आहे तिला तुमच्याकडे कामच नाही. पैसे मात्र हुशारीचे द्यायचे. शिवाय जागा भाड्याची. मालकाने करार वाढवला नाही तर स्प्लिट काढून टेम्पोत टाकता येतात. व्हीआरएफची पाइपिंग आणि डक्टचा पत्रा भिंतीतच राहतो. आणि साधं व्हीआरएफ तरी ताजी हवा आणतं का? नाही. त्यालाही ती वेगळी द्यावी लागते. कोटेशनमध्ये ‘फ्रेश एअर’ अशी ओळ आहे का बघा. नसेल, तर लाखो रुपये घालून मुलं पुन्हा पेंगतील, फक्त समान तापमानात.

भाऊजींचं काय? ते चुकीचं सांगत नाहीत, वेगळ्या देशातलं सांगतायत. त्यांच्या घरी तळघरात फर्नेस, म्हणजे हवा तापवणारी भट्टी असेल, हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार हवा त्याच डक्टमधून, भिंतीवर एक थर्मोस्टॅट. म्हणजे तिथे घरातच ‘सेंट्रल’ असतं! आणि त्या डक्टमधूनही बहुतेक घरांत घरातलीच हवा फिरते. ताजी हवा फटींतून. तिथल्या दुकानांच्या सपाट छपरांवर पत्र्याच्या मोठ्या पेट्या दिसतात, त्या मात्र वेगळ्या. त्यांच्या बाजूला बाहेरची हवा घ्यायची झडप असते. बाहेर छान गार असलं की पुष्कळ पेट्यांत ती झडप आपोआप जास्त उघडते आणि कॉम्प्रेसर थांबतो. भाऊजींना पुढच्या फोनवर या झडपेबद्दल विचारा. त्यांच्याकडून उचलायची गोष्ट सेंट्रल नाही, ती झडप आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची सकाळ १०-१२ अंशांवर असते आणि तुम्ही माझ्या अंदाजाने तेव्हाही ७ वाजता एसी लावत असाल.

पण सेंट्रल असलं म्हणजे हवा आलीच असंही नाही. भाचीच्या लग्नाला एका मंगल कार्यालयात दुपारी पंगतीनंतर सगळ्यांचे डोळे मिटायला लागले. मला सवय वाईट. मी यंत्राच्या खोलीत डोकावलो. बाहेरची हवा घ्यायची भली मोठी जाळी होती, आणि तिच्यावर आधीच्या कुणाच्या तरी लग्नाचा ‘शुभविवाह’ लिहिलेला फ्लेक्स तारेने घट्ट बांधलेला होता. “बिल फार येतं हो,” मॅनेजर म्हणाले. एवढं दहा-बारा लाखांचं धूड, आणि त्याचं नाक दाबून ठेवलेलं.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं?

पहिल्या दिवशी खिडक्यांची टेप काढली असती. दर दीड तासाने दहा मिनिटं एसी बंद, खिडक्या-दार सताड उघडं. मुलांना चहाला पाठवा. याला खर्च शून्य. कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा मीटर काही हजारांत मिळतो. घेताना सेन्सर ‘एनडीआयआर’ प्रकारचा आहे का तेवढं बघा, स्वस्तातले काही नुसता अंदाज दाखवतात. हजाराच्या आसपास असलं की उत्तम, पंधराशेच्या वर गेलं की खिडकी. तो मीटर मुलांना दिसेल असा लावा. मग ती स्वतःच उठून उघडतात.

दुसरं काम ताज्या हवेचा पक्का रस्ता. माणशी मिनिटाला १५ घनफूट धरलं तर ५२ जणांना सुमारे ८०० घनफूट, डीलरच्या भाषेत ८०० सीएफएम. फिल्टर लावलेले दोन इनलाइन (नळीत बसणारे) पंखे रस्त्याकडच्या बाजूने हवा आत आणतील, आणि समोरच्या बाजूला त्याहून थोड्या कमी ताकदीचा एक्झॉस्ट. नुसता एक्झॉस्ट लावण्याची चूक करू नका. तो हवा कुठून ओढेल ते त्याच्या मर्जीवर, आणि तुमच्याकडे सगळ्यात सोपा रस्ता संडासाच्या पॅसेजचा आहे. लावून झालं की उदबत्ती पेटवून प्रत्येक दाराच्या फटीशी धरा. धूर आत ओढला गेला तर गडबड; बाहेर ढकलला गेला तर ठीक. आत येणाऱ्या हवेचं तोंड आउटडोअर युनिटांपासून आणि खालच्या वडापावच्या कढईपासून लांब, हे सांगायला नकोच.

तिसरं, आउटडोअर युनिटं चौकातून काढून गच्चीवर न्या. तुम्ही वरच्याच मजल्यावर आहात, नळी फार वाढणार नाही. मालकाची आणि सोसायटीची परवानगी लेखी घ्या. सावलीला पत्रा टाकायचा तर पंख्याच्या तोंडावर नको. त्याच खेपेला गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग, किंवा अगदीच हात आखडता असेल तर चुना. पहिल्याच आठवड्यात दुपारचा फरक जाणवतो.

चौथं काम नाजूक आहे. विजेचा मीटर कुणाच्या नावावर आणि कुठल्या वर्गात आहे? बिलावर घरगुती लिहिलेलं असेल आणि तिथे अभ्यासिका चालत असेल, तर विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. मालक “काही होत नाही हो” म्हणतील. नोटीस आली की बिल कोण भरणार, हे त्यांना तेव्हाच विचारा. मंजूर भारही बघा, म्हणजे वीज कंपनीने किती किलोवॅट मंजूर केलेत ते. चार एसी मिळून सहा-सात किलोवॅट सहज होतात. भार पाचचा असेल तर एमसीबी त्याचं काम चोख करतोय. तो काढून मोठा बसवा असं इलेक्ट्रिशियन सुचवेल. वायर तीच ठेवून मोठा एमसीबी बसवणं म्हणजे आग लावायची तयारी. आधी वायर आणि भार, मग एमसीबी. यजमानांचे दोन एसी याच कारणाने आत्ता नकोत.

हे सगळं व्हीआरएफच्या कोटेशनपुढे चिल्लर वाटेल, आणि बहुधा पुरेल. पुढच्या मे महिन्यात तरीही दोन आकडे जुळले नाहीत, हवेचा मीटर पंधराशेच्या खाली आणि हॉल मात्र २८ अंशांच्या वर, तर आजारी असलेले दोन स्प्लिट काढून त्यांच्या जागी तीन-तीन टनांच्या दोन कॅसेट. एकच मोठं डक्टेबल मी घेणार नाही. परीक्षेच्या आठवड्यात ते बंद पडलं तर अख्खी अभ्यासिका बंद. दोन असली की एकावर तग धरता येते.

कूलरचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. मार्च ते मेअखेर पुण्याची हवा कोरडी असते, त्या दिवसांत मोठा डक्टिंग कूलर चांगला चालतो; नागपूर-अकोल्याकडे तर पिढ्या त्यावर वाढल्यात. तो सगळी हवा बाहेरचीच आणतो, म्हणून गुदमरण्याचा प्रश्न तिथे येत नाही. मात्र खिडक्या उघड्या हव्यात आणि एसी त्याच वेळी चालू नको, नाहीतर एक पाणी घालतो आणि दुसरा ते काढत बसतो. जूनपासून त्याला झाकून ठेवा.

तुमच्यासारखी पत्रं इतरही येतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. फ्लॅटमध्ये दवाखाना असेल तर एसी डॉक्टरांच्या केबिनला आणि उघडी खिडकी बाहेरच्या बाकांना, कारण खोकणारे तिथे बसतात. नृत्याचा किंवा व्यायामाचा वर्ग असेल तर माणशी उष्णता बसलेल्या माणसाच्या दुपटी-तिपटीने धरा. घरातून डबे करणाऱ्यांनी स्वयंपाकघरात एसी लावूच नये. चिमणी गार हवा ओढून बाहेर टाकते आणि तेल कॉइलवर बसतं. पाळणाघर असेल तर मुलं जमिनीवर असतात आणि गार हवा तिथेच साचते, तेव्हा थर्मामीटर मुलाच्या उंचीवर टांगा.

तुम्ही विचारलंत, आम्ही सुरुवातीलाच चुकलो का. चार स्प्लिट घेणं ही चूक नव्हती; भाड्याच्या जागेत मीही तेच घेतले असते. खिडकीची टेप ही चूक होती, आणि ती काढायला ब्लेड पुरतं.

ज्या दोघांनी फी भरली नाही त्यांना या आठवड्यात फोन करा. काय काय बदलताय ते सांगा आणि चार दिवस फुकट बसायला बोलवा, मागच्या रांगेत. थर्मामीटरचे आठ आकडे मला पाठवा. कुठला एसी आजारी आहे ते त्यावरून कळेल. आणि शालवाल्या मुलीची जागा आजच बदला, त्यासाठी मेकॅनिकची वाट बघायला नको.